उमेंद्र बिसेनचं ‘काऊन’

उमेंद्र बिसेनला हल्ली कोणी शाबासकी दिली की तो चटकन विषय बदलतो. ज्यांनी त्याला पूर्वी पाहिलंय त्यांना हे खरं वाटणार नाही. पूर्वीचा उमेंद्र शाबासकीसाठी वाट वाकडी करून जायचा. स्टाफरूममध्ये नुसतं “छान” म्हटलं तर “काय छान? नेमकं सांगा ना,” म्हणून मागे लागायचा, आणि नेमकं ऐकल्याशिवाय आम्हाला डबा उघडू द्यायचा नाही.

शाळेत तो बिसेन सर. मी त्याच शाळेत मराठी शिकवते, वयाने त्याच्याहून बरीच मोठी आहे. आमच्या पोवार समाजात नातं काढायला बसलं की ते निघतंच, तशी मी त्याची लांबची मामी लागते. म्हणून माझ्यासाठी तो उमेंद्र. तो कुडव्याहून मोटारसायकलने गोंदिया स्टेशन गाठतो, मी स्टेशनाजवळच राहते, आणि मग आम्ही दोघं सकाळच्या गाडीने सालेकसाला जातो. गाडीत माणसाने दोन घटका डोळे मिटावेत की नाही? ते याच्या शेजारी शक्य नाही. चणेवाला आला तर चणे घेण्याआधी हा विचारणार, कांदा आधी टाकता की मीठ, आणि काऊन? आमच्या भागात ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात, आणि उमेंद्रच्या तोंडात तो शब्द कायम असायचा. चणेवाले त्याला पाहून पुढच्या डब्यात जायचे.

त्याच्या शाबासकीच्या भुकेचं मूळ मला ठाऊक आहे. त्याचे वडील दुलीचंदभाऊ प्रत्येक लग्नात, मांडवात चार माणसं जमली की सांगायचे, “भावाचा पोरगा साहेब झाला. आमचा मास्तरच राहिला.” उमेंद्र तिथेच वाढायला उभा असायचा. भाऊ त्याच्यासमोरच सांगायचे. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, पण मांडवात काय बोलणार?

तर ‘काऊन’. हे त्याने बनवलेल्या मोबाइल अ‍ॅपचंही नाव. झालं असं की वर्गात धडा संपला की तो विचारायचा, “समजलं?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, “हो स्सर.” परीक्षेत मात्र कोरे कागद. तो गाडीत माझ्यापुढे धुमसायचा. “मामी, यांना समजत नाही याचं मला काही नाही. पण यांना काय समजत नाही तेच यांना सांगता येत नाही. प्रश्नच विचारता येत नाही हो यांना.” मी म्हटलं, आपल्याला तरी कुठे येत होता. आम्ही प्रश्न विचारला की छडी मिळायची. तो ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं.

मग एक हिवाळा आणि एक उन्हाळा तो गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. विज्ञानाचा मास्तर, पण इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकला. बायको रिंकी कुरकुरत होती, पण अ‍ॅपमधला आवाज तिचाच आहे. टाइप करता न येणाऱ्या पोरांनी बोलून विचारलं तरी चालतं, आणि मग रिंकी गोड आवाजात त्यांच्याशी बोलते. घरी ती इतकी गोड बोलत नाही, असं उमेंद्र म्हणतो.

या अ‍ॅपची गंमत अशी की ते उत्तर देतच नाही. पोरानं काही विचारलं की उलट तेच पोराला विचारतं. हे तू कुठे पाहिलंस? तिथे नेमकं काय झालं? त्यातलं काय तुला कळत नाही? पोरानं सांगितलं की म्हणतं, आता तुझा प्रश्न पुन्हा विचार बघू. असं फिरत फिरत प्रश्नाला टोक येतं, आणि तो टोकदार झालेला प्रश्न सगळ्या संभाषणासकट उमेंद्रच्या फोनवर येतो. मी म्हटलं, “पोरं उत्तरासाठी जीव टाकतात आणि तू त्यांच्या डोक्याला आणखी ताप देतोस. कोणी हात लावणार नाही.” पण पोरांनी लावला. लखन नावाच्या आमच्या एका महा आळशी पोरानं आधी विचारलं होतं, घर्षण म्हणजे काय. ‘काऊन’नं त्याला छळल्यावर त्याचा प्रश्न झाला, घाटात सायकलचा ब्रेक धरून ठेवला की रिम हात भाजेल इतकी गरम होते, ती गरमी येते कुठून? त्या दिवशी मी उमेंद्रला मनापासून “छान” म्हटलं. काय छान, तेही सांगितलं.

पोरं मोकळी झाली याचं आणखी एक कारण होतं. अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पानावर उमेंद्रनं लिहिलं होतं: ‘इथे लिहिलेलं तुझ्यात आणि सरांत राहील. कोणी हसणार नाही.’

रीना मडावी नववीत होती. हजेरीला “हजर” म्हणायची तेही शेजारणीला ऐकू जाईल न जाईल इतकंच. डोंगराच्या बाजूला एका टोल्यावर, म्हणजे थोड्याशा घरांच्या वस्तीवर, तिचं घर. वडील पतिराम, आई दुर्पता. थोडं धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि त्याआधी मोहफुलं. गोंडांच्या घरी देवाला मोहाची दारू चढवावी लागते, पाहुण्याला द्यावी लागते. घरची बाई ती काढते, जशी आमच्याकडे सणाला बाई कढई ठेवते. त्यात टोल्यावर कोणाला काही विशेष वाटत नाही.

टोल्यावर रेंज नव्हती. पण उमेंद्रनं सोय करून ठेवली होती की प्रश्न फोनमध्ये साठून राहावा आणि पोर सडकेवर आलं की आपोआप निघावा. तसा रीनाचा प्रश्न एका सकाळी आमगावच्या पुढे गाडी गेल्यावर उमेंद्रच्या फोनवर आला. हा माणूस बाकावरून उठून उभाच राहिला. “मामी, ऐका! वरच्या भांड्यातलं पाणी किती गरम झालं की खाली वाफेचं पाणी होणं थांबतं? नववीची पोरगी विचारते हो हे! बी.एस्सी.त मला सुचला नव्हता.” त्यानं मला शेवटचा प्रश्न तेवढा वाचून दाखवला. तो कसा तयार झाला ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

त्यानं रीनाला प्रयोगशाळेत बोलावलं. केटली, वर थंड पाण्याचं पातेलं, थर्मामीटर. रीना मोजत होती आणि मोठ्यानं आकडे सांगत होती. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते, मला भिंतीपलीकडून तिचा आवाज आला आणि क्षणभर कळेना ही कोण. त्यानंतर ती रोज विचारायला लागली. मुंग्या रांग मोडत नाहीत ते कसं, तेंदूचा पत्ता वाळताना आतल्या बाजूलाच काऊन वळतो. मधल्या सुट्टीत उमेंद्रच्या मागे मागे फिरायची. सायन्सला जायचं, असं तिनं मला स्वतः सांगितलं. उमेंद्रला यापेक्षा मोठी शाबासकी कोणती हवी होती, मला अजून कळत नाही.

हिवाळ्यात शाळेचा कार्यक्रम होता. जिल्ह्याचे एक शिक्षण विभागाचे साहेब येणार होते, आणि बक्षिसं देणार होते कोहमाऱ्याचे ईश्वरदासजी. हायवेवर त्यांचा ढाबा, ट्रकचा धंदा, मोठा हसरा माणूस, शाळेला दरवर्षी काही ना काही देणारा. उमेंद्रला अ‍ॅप दाखवायला वेळ मिळाला होता. दुलीचंदभाऊंनाही त्यानं कुडव्याहून आणून पहिल्या रांगेत बसवलं. रीनाला ‘उत्तम प्रश्ना’चं बक्षीस होतं. पतिराम सडकेवर येतो ती वेळ साधून उमेंद्रनं स्वतः त्याला फोन करून सांगितलं, पोरीचं कौतुक आहे, नक्की या. पतिराम कामावर गेला होता, दुर्पता आली. ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल. मी तिला माझ्याशेजारी बसवून घेतलं. ती मला हळूच म्हणाली, “मॅडम, माह्या पोरीनं का केलन जी?” मी म्हटलं, “खूप चांगला प्रश्न विचारला.” तिला ते नीट समजलं नाही, पण ती हसली.

रीना स्टेजवर उभी होती. पडद्यावर उमेंद्रनं तिचं नाव, वर्ग, गाव दाखवलं. मग म्हणाला, नुसता प्रश्न पाहून उपयोग नाही, प्रश्न कसा वाढतो ते पाहा. आणि त्यानं सगळं संभाषण पडद्यावर लावलं. पहिल्यापासून.

वाफेचं पाणी कसं होते? — हे तू कुठे पाहिलंस? — घरी. आई मोहाची दारू काढते तेव्हा. — तिथे नेमकं काय झालं? — वरच्या भांड्यातलं पाणी गरम झालं की दारू कमी पडते. मग आई मला ओरडते, पाणी बदल म्हणून. मी विसरली तर बाबा म्हणते, आज पाहुण्याले का देशीन?

ही इतकी मोठी अक्षरं. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग ईश्वरदासजी खुर्चीतून गडगडले, “अरे वाह! सर, इस बिटिया का पता लिख लो, अपने ढाबे पे काम आएगी!” आणि सगळा हॉल फुटला. साहेब हसले, शिक्षक हसले, पोरं तर बाकांवर हात आपटून हसली. ईश्वरदासजींच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी आजही सांगेन. त्यांना विनोद सुचला, त्यांनी केला.

रीनाही हसली. सगळे हसताहेत म्हणून तीही आधी हसली. मग तिनं आईकडे पाहिलं. दुर्पतानं पदर कपाळावरून खाली ओढला होता, पार डोळ्यांपर्यंत, आणि हात मांडीत घट्ट धरले होते. मी तिच्या हातावर हात ठेवला तर तिनं तो काढून घेतला. वर पाहिलं तर रीनाचं हसू गेलं होतं. त्या दिवसापर्यंत त्या पोरीला आपल्या घरात लाज वाटण्यासारखं काही आहे हे माहीतच नव्हतं. ते तिला शाळेत समजलं.

आणि उमेंद्र? उमेंद्र बोलत होता. त्याला त्या पडद्यावर फक्त उष्णता दिसत होती. लोक हसले ते त्याला दाद वाटली. “साहेब, हाच तर खरा प्रश्न आहे!” असं तो उत्साहानं सांगत होता. टाळ्या पडल्या. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दुलीचंदभाऊ शेजारच्या माणसाला सांगत होते, “आमचा पोरगा होय तो.” इतक्या वर्षांनी भाऊंच्या तोंडून ते आलं, आणि मला ऐकवेना. दुर्पता जेवायला थांबली नाही. बक्षिसाची कंपासपेटी रीनाच्या हातात होती, ती तिनं स्टेजच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी डुलक्या घेत होते. उमेंद्र माझ्यासमोर बसला, चेहरा नुसता फुललेला. “कसं झालं मामी? नेमकं सांगा.”

मी सांगितलं. नेमकंच सांगितलं. दुर्पताचा पदर सांगितला, हात काढून घेतला ते सांगितलं, रीना आधी हसली आणि मग का थांबली ते सांगितलं. “पहिल्या पानावर काय लिहिलंस रे तू?” असंही विचारलं. माझी जीभ अशीच आहे, रागावले की मागेपुढे पाहत नाही. तो ऐकत गेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग सगळं तोंड. त्यानं फोन काढला, अ‍ॅप उघडलं, ते पहिलं पान बघत बसला. गोंदिया आलं तरी त्याला उतरायचं भान नव्हतं. शेवटी भाऊंनीच त्याला हलवलं, “चाल ना रे, साहेब,” असं कौतुकानं म्हणत. तो बापाच्या तोंडाकडे पाहू शकला नाही.

शाळेत पोरांनी रीनाचं नाव ‘भट्टी’ ठेवलं. उमेंद्रनं त्या पोरांना वर्गात झाडलं, तेव्हा ते नाव आणखी पक्कं झालं. रीना काही दिवस आलीच नाही. आली तेव्हा पुन्हा जुन्या जागी बसली आणि “हजर” म्हणाली, शेजारणीला ऐकू जाईल न जाईल असं. उमेंद्रनं अ‍ॅपमधून नावं काढली, संभाषण एकदा वाचलं की आपोआप पुसलं जाईल असं केलं. ज्या गोष्टी आधीच करायच्या होत्या त्या सगळ्या आता केल्या. गाडीत तो लॅपटॉप उघडेनासा झाला. चणेवाला आता आमच्या डब्यात थांबायचा. मला ती शांतता मुळीच आवडली नाही.

“मामी, मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागतो,” तो एकदा म्हणाला.

“म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांनाही सांगतोस?” मी म्हटलं.

त्यानं कपाळाला हात लावला. मग निरोप पाठवून एका रविवारी आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवरून टोल्यावर गेलो. एकटा जाण्याची त्याची छाती नव्हती, आणि मलाही त्या घरी जायचं होतं.

दुर्पतानं पाय धुवायला पाणी दिलं, खाट टाकली, त्यावर धुतलेली चादर. अंगणात चुलीजवळ जमीन नुकतीच सारवली होती. दारू काढायची भांडी कुठे दिसत नव्हती. गुरुजी येणार म्हणून तिनं ती घराच्या मागे नेऊन ठेवली होती, ते मला नंतर हात धुवायला गेले तेव्हा दिसलं. पाहुण्याला जे द्यायची या घरची रीत, ते तिनं दिलं नाही. दुकानातून साखर आणि पत्ती आणून चहा केला. उमेंद्रला तो चहा जाईना.

“बाई, चूक झाली माझी,” तो म्हणाला. “मोठी चूक झाली.”

दुर्पता घाबरीघुबरी झाली. “नाही जी गुरुजी, तुमची काऊन चूक? आमीच तसे. पोरीले अक्कल नाही, लिहून बसली. मी मारलो तिले.”

उमेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला घरी जाऊन झोप लागली असती. मलाही तेच हवं होतं, खरं सांगायचं तर. रीना दाराच्या आत उभी होती, बाहेर आली नाही.

पतिराम इतका वेळ खांबाला टेकून बसला होता. तो काही रागात नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, असं त्याच्या आवाजावरून वाटलं. “गुरुजी, लोक हासले तं हासले. हासतेच लोक. पन ते पोरीनं तुमाले सांगलन होतं. तुमी लोकाइले काऊन दाखवले?”

उमेंद्रपाशी उत्तरं होती. प्रश्न कसा वाढतो ते दाखवायचं होतं, विज्ञान घराघरांत आहे हे दाखवायचं होतं. गाडीत तो हे सगळं मला सांगून चुकला होता. इथे त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघेना. 

“मले शाबासकी पायजे होती,” तो शेवटी म्हणाला. “माह्या बापासमोर.”

पतिरामनं मान हलवली. समजलं, अशा अर्थानं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि उमेंद्रनंही ते मागितलं नाही. “आता त्याचं बोलू नका कोनासमोर,” एवढंच दुर्पता म्हणाली. निघताना उमेंद्र दारापाशी थांबला आणि आत अंधाराकडे बघून म्हणाला, “रीना, तुझी काही चूक नव्हती बेटा. तुझा प्रश्न चांगलाच होता.”  

पुढे कितीतरी दिवस त्याच्या फोनवर बाकीच्या पोरांचे प्रश्न येत राहिले. ते येत होते याचंही त्याला ओझं वाटायचं. शाळेनं अ‍ॅपबद्दल त्याचा सत्कार ठरवला, तो त्यानं अंगात ताप असल्याचं सांगून टाळला. भाऊंना त्याचा फार राग आला.

मग परवा, गाडी आमगावच्या पुढे गेली आणि त्याचा फोन वाजला. नावं आता दिसत नाहीत, पण हा प्रश्न कोणाचा ते आम्हाला दोघांनाही कळलं. टोल्याच्या बाजूचं पोर सडकेला लागतं ती हीच वेळ, आणि तिथून अ‍ॅप वापरणारं दुसरं कोणी नव्हतं.  “आली मामी. परत आली,” तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी बाकावरून अर्धा उठला. या वेळी त्यानं फोन माझ्याकडे केला नाही. आधी स्वतः वाचलं. मग मीच हात पुढे केला तेव्हा दिला.

प्रश्न होता: ध्वनीचा वेग किती असतो?

खाली अ‍ॅपचं नेहमीचं: हे तू कुठे पाहिलंस?

रीनानं लिहिलं होतं: पुस्तकात.

पुस्तकाबाहेर कुठे पाहिलंस? घरी, रानात, रस्त्यात?

कुठेच नाही. मी काहीच पाहिलं नाही.